पायांचे मशीन घरी आणताना

गेल्या रमजानच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. तरावीहची नमाज आमच्या घरातल्या बायका घरीच पढतात. त्या रात्री दुसऱ्या रकातीसाठी सजद्यातून उठताना अम्मी अडकल्या. हात जमिनीवर टेकले, एक गुडघा उचलला, आणि पुन्हा खाली बसल्या. सलाम फेरल्यानंतर आमच्यापैकी एकीने हात दिला, तेव्हा त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच प्लास्टिकची खुर्ची आणून मुसल्ल्यामागे ठेवली. घरात कुणी काही बोलले नाही.

ज्याला जमत नाही त्याला बसून नमाज पढण्याची मुभा आहेच. त्यात कमीपणा काही नाही. पण अम्मींचे वय 64. डॉक्टरांनी तपासून सांगितले की गुडघ्यांची झीज अगदी सुरुवातीची आहे, खरी अडचण मांड्यांची आहे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तर एका वाक्यात विषय संपवला : "गोळ्या दुखणं कमी करतील, उठवणार नाहीत. उठवायचं काम मांडीचं."

मग प्रश्न आला, मांडी कमवायची कुठे? आमच्या भागातल्या जिममध्ये बायकांची वेळ दुपारी दोन ते चार. म्हणजे नेमकी जेवणाची, जोहरची आणि मुले शाळेतून येण्याची वेळ. शिवाय अम्मी जिममध्ये जायला तयार होणे कठीणच होते. आमचा थोरला मुलगा कॉलेजात आहे आणि कोल्हापूरच्या बऱ्याच पोरांसारखा फुटबॉलवेडा आहे. त्याने मोबाइलवर एक मशीन दाखवले. खुर्चीसारखे आसन, पुढे हलणारा लोखंडी दांडा, त्याला फोमचा रोल. "दादीचंही काम होईल आणि माझंही," असे त्याचे म्हणणे.

अब्बा तरुणपणी तालमीत जात. ते हसले. "तालमीत कुठलं आलं होतं मशीन? आखाड्याच्या कडेला उभं राहायचं आन् बैठका मारायच्या."

शेवटी जुना फ्रिज आणखी एक वर्ष चालवायचा आणि त्यासाठी बाजूला ठेवलेले पंधरा हजार या कामाला लावायचे, असे ठरले. तीन रविवार आम्ही दुकाने पालथी घातली, मशीन आणले, आठ आठवडे वापरले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असाच विचार चालू असेल, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहोत.

मशीन करते काय?

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा गट असतो. तो गुडघा सरळ करतो. मागच्या बाजूला तीन स्नायूंचा गट असतो. तो गुडघा दुमडतो. आसनावर बसून पायाने दांडा वर उचलला की पुढच्या गटाला काम मिळते. याला लेग एक्स्टेन्शन म्हणतात. दांड्याची जागा बदलून पाय मागे दुमडला की मागच्या गटाला काम मिळते. तो लेग कर्ल. घरगुती स्वस्त मशीनमध्ये बहुधा ही दोन्ही कामे एकाच सांगाड्यावर असतात आणि वजनासाठी प्लेटा चढवाव्या लागतात.

कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांच्या पायात लोखंडी बूट बांधला आणि तो उचलायला लावला. जमेल तसे वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेले. 1945 साली त्याने हे अनुभव प्रसिद्ध केले. आज सगळ्या जिममध्ये चालणारी "हळूहळू वजन वाढवा" ही पद्धत रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

वयाचे काय, हा अम्मींचा पहिला प्रश्न होता. त्याचेही उत्तर आहे. 1990 साली बॉस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम करून घेतला. एकाने मध्येच सोडले. उरलेल्यांची मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीत हे होते, तर चौसष्टीत का होऊ नये?

दुकानात आम्ही काय तपासले

तीन मशीन पाहिली. पहिले साडेसहा हजारांचे : साधा व्यायामाचा बेंच आणि त्याच्या टोकाला जोडलेला दांडा. दुसरे साडेअकरा हजारांचे : याच कामासाठी बनवलेले, पाठ टेकायला जागा असलेले. तिसरे अडतीस हजारांचे : दोरी, कप्पी आणि आतच वजनांची चळत. तिसऱ्याला हात लावून पाहिला आणि पुढे गेलो.

गुडघा आणि बिजागरी. सगळ्यांत महत्त्वाची तपासणी हीच. दांडा ज्या बोल्टवर फिरतो ती मशीनची बिजागरी, आणि गुडघा ही आपली. बसल्यावर दोन्ही एका रेषेत यायला हव्यात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणारे हाड आणि तो बोल्ट समोरासमोर आहेत का, हे बाजूला बसून पाहावे. नसतील तर पाय एका वर्तुळात फिरतो आणि दांडा दुसऱ्याच. मग रोल नडगीवर घासत वर-खाली सरकतो आणि गुडघ्याला वेडावाकडा ताण बसतो. साडेसहा हजारांच्या बेंचवर बोल्ट आसनाच्या बराच खाली होता. तिथेच ते बाद झाले.

आसन आणि रोल मागेपुढे होतात का. मुलाची उंची पाच फूट दहा इंच, अम्मींची चार फूट अकरा. एकाच मापाचे आसन दोघांना बसणार नाही. दुसऱ्या मशीनची पाठ तीन खाचांत सरकत होती आणि पायाचा रोल खिळीने वर-खाली होत होता. रोल घोट्याच्या किंचित वर यावा. थेट पावलावर किंवा नडगीच्या मध्यावर नको.

सांगाडा. आम्ही चुंबक नेला नाही, ठोकून पाहिले नाही. पाइपची जाडी विचारली. दुकानदार ती गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे लक्षात ठेवावे. 14 गेज म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, 16 गेज म्हणजे 1.6 मिलिमीटर. दुसऱ्या मशीनचा मुख्य पाइप दोन इंची चौकोनी, 14 गेजचा होता. वेल्डिंग सांध्याच्या चारही बाजूंनी सलग आहे की नुसते टाके मारलेत, हे वाकून पाहावे. मग घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने बसून जोरात पाय उचलावा. मागचे पाय जमिनीवरून उठतात का ते पाहावे.

कमाल वजन. पाटीवर "150 किलो" लिहिलेले असते. हे बसणाऱ्याचे की प्लेटांचे, की दोन्ही मिळून, ते विचारावे. आमच्या मशीनवर ते दोन्ही मिळून होते.

प्लेटांचे भोक. बाजारात दोन मापे चालतात : घरगुती प्लेटांचे भोक 25 ते 30 मिलिमीटरच्या दरम्यान, आणि मोठ्या जिममधल्यांचे 50 मिलिमीटर. मुलाने मित्राकडून आणलेल्या प्लेटा मोठ्या भोकाच्या निघाल्या. दांडीवर त्या डुगडुगत होत्या. प्लेटांचे पैसे मशीनच्या किमतीत धरलेले नसतात, हेही अनेकांच्या घरी आल्यावर लक्षात येते.

सामान तोलायचा काटा. ही युक्ती मुलाची. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा त्याने रोलजवळ अडकवला आणि दांडा आडवा होईपर्यंत सरळ वर ओढला. एकही प्लेट नसताना काट्याने साडेतीन किलो दाखवले. म्हणजे मशीनचे "शून्य" हे शून्य नसते. दहा किलोची प्लेट चढवल्यावर काट्यावर आठच किलो वाढले. कारण सोपे आहे. दार कडीपाशी ढकलले तर बोटाने उघडते, बिजागरीपाशी ढकलले तर खांदा लावावा लागतो. प्लेट बोल्टच्या जवळ असेल तर हलकी लागते, लांब असेल तर जड. उलट, बुटक्या माणसासाठी रोल वर घेतला की तेच वजन त्याला जास्त जड जाते. म्हणून एका मशीनवरचे दहा किलो आणि दुसऱ्यावरचे दहा किलो यांची तुलना करू नये.

घरी आल्यावर

मशीन साडेअकरा हजार, वीस किलो प्लेटा चोवीसशे, खाली अंथरायची रबरी मॅट नऊशे. एकूण चौदा हजार आठशे. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मॅट हौसेची नव्हती, खालच्या घरासाठी होती.

पहिल्याच दिवशी एक चूक कळली. दुकानात आम्ही मुलाला बसवून गुडघा आणि बोल्ट जुळवला होता. अम्मींना नेलेच नव्हते. त्या पाठ टेकून बसल्या तर गुडघा बोल्टच्या दोन इंच मागे राहत होता. सर्वांत पुढची खाचही अपुरी पडली. शेवटी पाठीमागे एक घट्ट उशी आणि तिच्यामागे लाकडी फळी बांधली, तेव्हा माप जमले.

दुसरी अडचण फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखवली. दांडा खाली लोंबत असताना वजन जवळजवळ लागत नाही. तो आडवा होत जातो तसे ते वाढत जाते आणि पाय पूर्ण सरळ झाल्यावर सर्वांत जास्त होते. या व्यायामात गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो तोही याच शेवटच्या टप्प्यात. अम्मींना तिथेच कळ येत होती. बाईंनी त्यांना पाय पूर्ण सरळ न करता अर्ध्यावर थांबायला सांगितले. मशीनला वर अडवणारी खिळी नव्हती, म्हणून आम्ही सांगाड्यापासून दांड्यापर्यंत एक मजबूत नायलॉनचा पट्टा बांधला. मुलगा बसताना तो सोडतो.

तिसरी अडचण पाचव्या आठवड्यात. दांडा उचलताना "खट" असा आवाज येऊ लागला. बोल्टभोवतीचे प्लास्टिकचे बुश झिजले होते. कंपनीचा फोन लागेना. शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने अडीचशे रुपयांत पितळी बुश करून दिले, आवाज गेला. हिशेब पन्नास रुपयांनी वर गेला. कोल्हापुरात ही सोय आहे. आपल्या गावात असा कारागीर आहे का, याचाही विचार मशीन घेताना करावा; कारण बोल्ट, बुश आणि फोम या तीन गोष्टी स्वस्त मशीनमध्ये लवकर जातात.

आणखी एक. घरात लहान मूल असेल तर वापर झाला की प्लेटा काढून ठेवाव्यात आणि दांडा पट्ट्याने बांधावा. हलत्या सांध्यात चिमुकली बोटे जायला क्षण लागत नाही.

आठ आठवड्यांचा हिशेब

सुरुवातीला बाईंनी एक साधी चाचणी घेतली होती, ती घरीही करता येते. साधारण सतरा इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. दोन्ही हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते, ते मोजायचे. कुणीतरी शेजारी उभे असावे. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या तक्त्यात 60 ते 64 वयाच्या स्त्रीसाठी 12 पेक्षा कमी हा आकडा सरासरीखालचा मानतात. अम्मींचा आकडा होता 7.

मशीन येण्याआधीचे चार आठवडे त्यांनी फक्त खुर्चीवरून उठणे-बसणे आणि टाच उंचावणे एवढेच केले. आकडा 8 झाला. नंतर मशीन आले. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. आधी पाच मिनिटे घरातच चालणे. मग दहा-बारा वेळा पाय उचलणे, असे दोन फेरे. दोन मोजेपर्यंत वर, तीन मोजेपर्यंत खाली, आणि श्वास कोंडायचा नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. पहिले दोन आठवडे प्लेटच नव्हती. सलग दोन दिवस बारा वेळा सहज जमले की सव्वा किलोची प्लेट वाढवायची. आठव्या आठवड्यात अम्मी पाच किलोवर होत्या. खुर्चीचा व्यायाम चालूच होता. आकडा 11 झाला.

यातले किती मशीनचे आणि किती खुर्चीचे, हे आम्हाला वेगळे करून सांगता येणार नाही. बाईंचे मत असे की मशीनमुळे शरीराचा भार न देता मांडीला काम मिळाले, म्हणून दुखऱ्या दिवशीही खंड पडला नाही. पण सजद्यातून उठायला फक्त पुढची मांडी पुरत नाही. नितंब, पोटऱ्या, घोट्याचा वाक आणि तोल, सगळेच लागते. ते मशीनवर बसून मिळत नाही, उठून-बसूनच मिळते. अब्बांच्या बैठकांचा मुद्दा इथे बरोबर ठरला, फक्त अम्मींची बैठक खुर्चीपर्यंतची होती.

मुलाचे काय? त्याला लेग कर्ल उपयोगी पडला, कारण मांडीची मागची बाजू बैठकांत तेवढी राबत नाही आणि फुटबॉलमध्ये धावताना तीच दुखावते. पण त्याने उधार प्लेटा चढवून वजन वाढवत नेले, तेव्हा तिसाच्या वर मागचे पाय मॅटवरून उठू लागले. त्याच्यासाठी मशीनची मर्यादा तिथे संपली. आता तो एकेका पायाने करतो आणि बाकी बैठका मारतो.

मग घ्यावे का?

आमचे मत असे. आधी चार आठवडे बिनपैशाचा व्यायाम करा : खुर्चीवरून उठणे, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार, टाचा उंचावणे. पायाला बांधायची वाळूची वजने काही शेकड्यांत मिळतात. डेलॉर्मच्या लोखंडी बुटाचेच ते स्वस्त भावंड. खुर्चीवर बसून ती उचलली तर लेग एक्स्टेन्शनच होते. या चार आठवड्यांत आठवड्याचे तीन दिवस पाळले गेले, तरच दुकानात जा. जे घर खुर्चीवरचा व्यायाम पाळत नाही, तिथे मशीनवर महिन्याभरात टॉवेल वाळत पडतात.

घरात जिमला न जाऊ शकणारे किमान दोघे असतील, मशीन कायम मांडून ठेवण्याइतकी जागा असेल, आणि गुडघा-बोल्ट जुळत असेल, तर बारा-पंधरा हजार वाया जाणार नाहीत. एकट्या तरुणासाठी मात्र हे घेऊ नये; तेवढ्या पैशांत त्याला दांडी, प्लेटा आणि त्यावर भरपूर व्यायाम मिळतो.

गुडघा सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या मशीनवर बसूच नये. रोजे चालू असतील तेव्हा हा व्यायाम इफ्तारनंतर थोड्या वेळाने, पाणी पिऊन करावा, आणि वजन वाढवायची घाई करू नये.

अम्मी अजूनही बहुतेक नमाज खुर्चीवरच पढतात. फजरच्या दोन सुन्नत मात्र त्या जमिनीवर पढू लागल्या आहेत. पलंग हाताशी असतो, पण परवा पाहिले तर उठताना त्यांनी त्याला हात लावला नाही. आणि सव्वा किलोची प्लेट वाढवायची वेळ आली की त्या नातवाला हाक मारत नाहीत. स्वतःच वाकून ती चढवतात.

आपण मशीन पाहायला जाल, तेव्हा आमची चूक करू नका. घरातल्या सर्वांत उंच माणसाला नव्हे, सर्वांत बुटक्या आणि सर्वांत वयस्क माणसाला सोबत न्या. त्यांना बसवा, गुडघा आणि बोल्ट जुळतो का ते पाहा. मगच खिशात हात घाला.